पुरवठासाखळीतील श्रम आणि पाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परदेशी पुरवठादारांकडून श्रम आणि पर्यावरणाचे निकष पाळून घेणे हा विषय निघाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ढाक्यातील किंवा चीनमधील कारखाना येतो. परंतु युरोपातील खरेदीदाराच्या दृष्टीने ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतून किंवा शहापूर तालुक्यातील आसनगाव परिसरातून निर्यात होणारा मालही परदेशी पुरवठादाराचाच असतो, आणि म्हणून या निकषांविषयीचे गैरसमज शहापूर-मुरबाडच्या भूमीवरच तपासून पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

तपासणीचे प्रमाणपत्र मिळालेला कारखाना सुरक्षित असतो, हा यांतील सर्वांत रूढ समज आहे. कराचीतील अली एंटरप्रायझेस या कापड कारखान्याला श्रममानकांचे ‘एसए 8000’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते, तोच 11 सप्टेंबर 2012 रोजी तेथे आग लागून 250 हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. ती आग लावण्यात आली होती असा निष्कर्ष पुढे न्यायालयाने काढला, तरी बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या आणि खिडक्यांना गज होते, या गोष्टी तपासणीतच दिसायला हव्या होत्या. तपासणीचा दिवस बहुधा आधी ठरलेला असतो, तिचे शुल्क पुष्कळदा कारखानदारच भरतो आणि मालकाच्या आवारात कामगार मोकळेपणाने बोलत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र त्या दिवशीच्या कागदपत्रांविषयी सांगते, कामगाराच्या रोजच्या जगण्याविषयी फारसे काही सांगत नाही.

खरेदीदाराची जबाबदारी ज्याच्याशी करार झाला त्या कारखान्यापाशी संपते, हा दुसरा समज. संयुक्त राष्ट्रांनी 2011 मध्ये मान्य केलेली व्यवसाय व मानवी हक्कविषयक मार्गदर्शक तत्त्वे ही जबाबदारी संपूर्ण साखळीपर्यंत नेतात, आणि 2023 पासून लागू झालेल्या जर्मनीच्या पुरवठासाखळी कायद्यात, अप्रत्यक्ष पुरवठादाराकडे हक्कभंग होत असल्याची ठोस माहिती मिळाल्यास कंपनीने कृती करणे बंधनकारक ठरले. भारतालाही हे तत्त्व नवे नाही, कारण कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने चुकती करावी, असे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच सांगितले होते.

साखळीच्या अगदी तळाशी, जेथे कोणताही तपासनीस सहसा पोहोचत नाही, तेथे वीटभट्टी असते. वीट परदेशी जात नाही, पण कारखान्यांच्या आणि गोदामांच्या भिंती तिच्याच असतात. अमेरिकेच्या श्रम विभागाने बालमजुरी व सक्तीच्या श्रमातून तयार होणाऱ्या वस्तूंची जी यादी केली आहे तीत भारतातील विटांचा समावेश आहे. शहापूर-मुरबाडमधील कातकरी आदिवासी कुटुंबे पावसाळ्यात हाताला काम नसताना भट्टीमालकाकडून बयाणा, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात, दिवाळीनंतर मुलाबाळांसह भट्टीवर राहायला जातात आणि हजार विटांमागे ठरलेल्या दराने मजुरी धरून पावसाच्या तोंडावर हिशेब होतो, ज्यात पुष्कळदा मजुराकडेच बाकी निघते आणि ती पुढच्या हंगामावर चढते. हा स्वखुशीचा व्यवहार आहे असे सर्रास म्हटले जाते, आणि हाच सर्वांत घातक गैरसमज आहे. बयाण्याच्या बदल्यात मजुराने दुसरीकडे काम करण्याचे, मोकळेपणाने जाण्यायेण्याचे स्वातंत्र्य किंवा किमान वेतनाचा हक्क गमावला, तर 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यानुसार ती वेठबिगारीच ठरते. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे संविधानाच्या कलम 23 खालील सक्तीचे श्रम होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दिला. त्याच वर्षी वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी स्थापन केलेल्या श्रमजीवी संघटनेने ठाणे जिल्ह्यातील वेठबिगारांची मुक्तता हे आपले मुख्य कार्य मानले. साखळदंड दिसत नाहीत म्हणून वेठ नाही, असे म्हणणाऱ्याने कायदाही पाहिलेला नसतो आणि भट्टीही.

पर्यावरणाचे निकष धुराडे व सांडपाणी यांपुरतेच असतात, हा समजही अपुरा आहे. मुंबईला सर्वाधिक पाणी पुरवणारे भातसा आणि 1892 मध्ये पूर्ण झालेले तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात असूनही तेथील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा तालुक्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असलेला कारखानाही शेजारच्या पाड्याची विहीर आटवू शकतो, आणि खरेदीदाराने पाण्याविषयी प्रश्न विचारला नाही तर कागदावर दोष कोठेच दिसत नाही.

दोष आढळताच खरेदी थांबवणे म्हणजे नैतिकता, असेही मानले जाते. परंतु त्यामुळे खरेदीदाराचे नाव स्वच्छ राहते आणि मजुराचे मात्र कामच जाते. संबंध तोडणे हा शेवटचा उपाय असून त्याआधी दर वाढवून, मुदत वाढवून आणि थकीत मजुरी मिळवून देऊन सुधारणा घडवणे अपेक्षित असते. सर्वांत कमी दराचा आग्रह धरणाऱ्या खरेदीदाराने किमान वेतनाची हमी मागण्यात अर्थ नाही.

खरेदीदाराच्या पुढाकाराखेरीज मजुराला कायद्याचा मार्गही आहे. वेठबिगारीची तक्रार प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करता येते. वेठीपोटीचे कर्ज कायद्याने आपोआप रद्द होते, ते तसे कर्ज नव्हते हे सिद्ध करण्याचा भार मालकावरच असतो आणि रद्द झालेल्या कर्जापोटी पैसे स्वीकारणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे.