वीस टक्के इकडे, वीस टक्के तिकडे

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत. २०१२ मध्ये बराक ओबामांना वीस टक्क्यांहून मोठी आघाडी देणारी आणि चारच वर्षांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्याही पारड्यात तेवढीच आघाडी टाकणारी काउंटी त्यांत एकच निघाली. ती आयोवा राज्याच्या ईशान्येकडची हॉवर्ड काउंटी. तिचं मुख्य गाव क्रेस्को, वस्ती चार हजारांच्या आत.

निकालानंतर मोठ्या शहरांतले वार्ताहर इथे येऊन धडकले. गाव एका रात्रीत कसं फिरलं, हा सगळ्यांचा प्रश्न. गोम अशी, की प्रश्नातच चूक होती.

ती कळायला आधी गाव ओळखायला हवं. क्रेस्को आणि भारत यांचा संबंध गव्हाचा आहे. १९७० चं शांततेचं नोबेल मिळवणारे नॉर्मन बोरलॉग १९१४ मध्ये याच परिसरातल्या एका शेतावर जन्मले. क्रेस्कोच्या शाळेत शिकले आणि तिथेच कुस्तीही खेळले. त्यांचे मेक्सिकोत तयार झालेले गव्हाचे बुटके वाण साठच्या दशकात भारतात आले, तेव्हा दिल्लीच्या कृषी मंत्रालयात आपले अण्णासाहेब शिंदे होते. बोरलॉग यांच्या गावाला अमेरिकी राजकारणाचे अभ्यासक मात्र वेगळ्याच पिकासाठी ओळखतात: फिरणाऱ्या मतांच्या.

इथली खरी शेती मका, सोयाबीन आणि डुकरांची. जोडीला कारखाने: डोनाल्डसनचे फिल्टर, फेदरलाइटचे ट्रेलर. अनेक घरांत थोडी शेती आणि थोडी पाळीची नोकरी असं चालतं. वस्ती जवळजवळ सगळी गोरी, पदवीधर देशाच्या सरासरीहून कमी. शेजारच्या विनेशीक काउंटीत डेकोरा गावी लूथर कॉलेज आहे. तिथेही २०१६ मध्ये ट्रम्पच पुढे राहिले, पण जेमतेम. दोन्हीकडची शेतं सारखीच. कॉलेज असणं-नसणं हा फरक मात्र मतपेटीत उतरला.

एकाच पक्षाला चिकटून राहणं ही कित्येक दशकं आयोवाची खोड नव्हती. रिपब्लिकन चक ग्रासली आणि डेमोक्रॅट टॉम हार्किन असे दोन टोकांचे सिनेटर हे राज्य तीस वर्षं एकाच वेळी वॉशिंग्टनला पाठवत राहिलं. ऐंशीच्या दशकात कर्जापायी शेतं लिलावात गेली, तेव्हा रिपब्लिकन सरकारवरचा राग इतका होता, की १९८८ मध्ये देशभर आपटलेले मायकेल डुकाकिस आयोवात सुमारे दहा टक्क्यांनी जिंकले. कोणत्याच पक्षात नाव न नोंदवणाऱ्यांचा गट इथे कायम मोठा राहिला आहे.

त्या चष्म्यातून २०१२ पाहावं. ओबामांच्या प्रचारानं त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांना कारखाने विकत घेऊन माणसं घरी बसवणारा धनिक म्हणून रंगवलं. पाळीवर जाणाऱ्या माणसाला ते चित्र पटायला वेळ लागला नाही. चार वर्षांनी ट्रम्प यांनी परदेशी जाणाऱ्या नोकऱ्या आणि ‘नाफ्टा’ हा उत्तर अमेरिकेतला मुक्त व्यापार करार यांवर बोट ठेवलं. तो करार अमलात आणणारे राष्ट्राध्यक्ष समोरच्या उमेदवार हिलरी क्लिंटन यांचे पती! आपल्या पोटावर पाय देणारा कोण, हे ओळखून त्याच्या विरोधात मत द्यायचं, एवढंच धरलं तर दोन्ही निकाल एकाच माणसाचे वाटतात. वंश, स्थलांतर, धर्म हे मुद्दे नव्हतेच, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण ज्यांनी एका कृष्णवर्णीयाला दोनदा भरभरून मतं दिली, त्यांचा हिशेब निव्वळ द्वेषावर संपवणं हाही आळसच.

देशात ओबामा, ओबामा, ट्रम्प असा प्रवास केलेल्या काउंट्या दोनशेच्या वर भरल्या. त्यांतल्या ३१ एकट्या आयोवात होत्या, तेही राज्यात एकूण ९९ असताना.

खरी उत्सुकता पुढची होती. इतक्या सहज झुकलेली मतं परत फिरतील का? २०१८ मध्ये चीननं अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा आयातशुल्क लावलं आणि भाव कोसळले. ट्रम्प सरकारनं शेतकऱ्यांसाठी आधी १,२०० कोटी डॉलर आणि पुढच्या वर्षी आणखी १,६०० कोटींची मदत जाहीर केली. २०१८ च्याच नोव्हेंबरात ईशान्य आयोवाच्या मतदारसंघातून अ‍ॅबी फिन्केनॉर ही २९ वर्षांची डेमोक्रॅट काँग्रेसवर निवडून आली. वारं फिरलं, असं वाटलं. दोनच वर्षांत तिला रिपब्लिकन अ‍ॅशली हिन्सन यांनी हरवलं आणि हॉवर्ड काउंटीत ट्रम्प यांची आघाडी २०१६ पेक्षाही वाढली.

डेमोक्रॅटांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, तो वेगळाच. दर चार वर्षांनी पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराची निवड आयोवाच्या कॉकसपासून सुरू व्हायची. कडाक्याच्या थंडीत शाळेच्या सभागृहात शेजारीपाजारी जमायचे आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. मत गुप्त नाही, सगळ्यांसमोर! ज्याच्याकडे पंधरा टक्के माणसं जमली नाहीत, त्याचा कोपरा मोडायचा आणि त्या माणसांना आपल्याकडे ओढायला बाकीचे धावायचे. २००८ मध्ये ओबामांची घोडदौड याच पद्धतीतून सुरू झाली. २०२० मध्ये निकाल कळवायचं अ‍ॅप बिघडलं, निकाल रखडला, राज्याचं हसं झालं. पुढच्या खेपेला पक्षानं पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला, आणि लहान गावांत महिनोन्‌महिने तळ ठोकणाऱ्या त्यांच्या कार्यकर्त्यांचं येणं आटलं.

२०२४ मध्ये मतदानाच्या तोंडावर अ‍ॅन सेल्झर यांच्या नावाजलेल्या मतचाचणीनं आयोवात कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे दाखवल्या. देशभर खळबळ उडाली. ट्रम्प यांनी राज्य सुमारे तेरा टक्क्यांनी जिंकलं, आणि हॉवर्ड काउंटीतली त्यांची आघाडी त्याहून कितीतरी मोठी होती.