डुकरासाठी लावलेला करंट माणूस ओळखत नाही



तूर भरात आली, हरभऱ्याला घाटे लागले, की आपल्या झोपेचे खोबरे होते. दिवसभर राबायचे आणि रात्री जागलीला जायचे. एक रात्र नागा झाली, की रानडुकरांचा कळप येतो आणि मुस्कटाने तासच्या तास उकरून जातो. खातो थोडे, नासवतो जास्त. सकाळी धुऱ्यावर उभे राहून ते पाहणाऱ्याच्या पोटात काय होते, हे कागदावर लिहून कळायचे नाही. संताप येतो. मात्र त्या संतापात आपण जे करून बसतो, त्याविषयी आज बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी मी मक्याच्या एका शेतावर गेलो होतो. धुऱ्याने बांबूचे खुंट आणि त्यांवरून उघडी बाइंडिंग तार गेलेली. विचारले, तर मालक म्हणाला, ‘‘दिवसा बंदच असते, साहेब. रात्री दहाला जोडतो, पहाटे काढतो.’’ मला सगळे समजले होते. तरी मी चहा घेतला, किडीची औषधे सांगितली आणि निघून आलो. पुढे दोन आठवडेही झाले नसतील. शेतीपंपाची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती. शेजारचा पोरगा मोटर सुरू करायला निघाला, ओल्या धुऱ्यावरून आडवाटेने गेला आणि तारेला लागला. जागीच गेला. पोरगा भावकीतलाच. तार लावणारा तुरुंगात गेला, दोन्ही घरांचा चुलीचा संबंध तुटला. डुकरे मात्र त्यानंतरही आली, दुसऱ्या बाजूने.

त्या दिवशी मी बोललो असतो तर? म्हणून आता कुठेही तार दिसली, की मी बोलतो. राग आला तरी चालेल.

झटका वेगळा, करंट वेगळा

पुष्कळांना वाटते, सौर कुंपणातही वीजच, मग फरक काय? फरक जिवाएवढा आहे. खांबावरचा २३० व्होल्टचा प्रवाह अखंड वाहतो. माणूस चिकटला की सुटत नाही. सौर कुंपणाच्या यंत्रातून दाब काही हजार व्होल्टचा येतो, पण तो सेकंदाला साधारण एकदा आणि क्षणाच्या अगदी बारीक अंशापुरता. झटका बसतो, जनावर मागे उडते, जीव राहतो. म्हणून यंत्र बॅटरीवर चालणारे, चांगल्या प्रतीचे आणि पक्क्या पावतीचेच घ्या. गावठी जुगाड करून घरच्या लाइनवर जोडलेले ‘झटका मशीन’ म्हणजे तोच जीवघेणा करंट.

कुंपण लावल्यावर खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवा, नाहीतर डुक्कर खालून शिरते. तारेला गवत टेकू देऊ नका, सगळा जोर जमिनीत उतरतो. अर्थिंग चांगले करा आणि वाटेवर पाटी लावा.

स्वस्तातले उपाय

सगळ्यांना सौर कुंपण परवडत नाही, हे मला माहीत आहे. डुकराची नजर अधू, पण नाक फार तिखट. त्याचा उपयोग करा.

१) भुईमुगाभोवती करडईचे चार तास पेरा. काटे टोचतात आणि पिकाचा वासही झाकतो. मक्याभोवती एरंडी लावता येते.

२) न्हाव्याकडचे केस धुऱ्याने पसरा. हुंगताना नाकात जातात आणि डुक्कर बिचकते. पाऊस पडला की पुन्हा टाकावे लागतात.

३) पिकाच्या कडेने दोन फूट रुंद आणि दीड-दोन फूट खोल चर खणा. पाण्याचा निचरा मात्र पाहा.

४) जाळी लावायची तर खालची फूटभर जमिनीत पुरा.

५) जुन्या साड्या बांधल्या तर थोडे दिवस काम भागते. रोही मात्र साडीला भीक घालत नाही, ते उंच उडी मारते.

कोणताही एकच उपाय महिनाभर ठेवू नका. जनावर सरावते. आज आवाज, उद्या वास, परवा उजेड, असे बदलत राहा. जागल एकट्याने करू नका. शिवाराला शिवार लागून असलेल्या आठ-दहा जणांनी पाळी लावली, तर प्रत्येकाला आठवड्यातून एखादी रात्रच जागावे लागते. एकाने हाकलले आणि दुसऱ्याच्या रानात गेले, हा खेळही थांबतो.

गावठी बॉम्ब आणि विष यांच्या वाटेला जाऊ नका. बॉम्बने आपल्याच गाई-बैलांचे जबडे फाटतात. धुऱ्याला पुड्या बांधायला काही जण अजून थायमेट शोधतात. त्यातल्या फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर आणि रोही दोन्ही अनुसूची २ मध्ये आहेत. पिकाला उपद्रव होत असेल, तर मारण्याची परवानगी देण्याची तरतूद कलम ११ मध्ये आहे, पण ती लेखी आणि अधिकृत अधिकाऱ्याकडूनच मिळते. तोंडी ‘हो’ चालत नाही. करंटने माणूस मेला, तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. आकडा टाकला असेल, तर वीजचोरीचा वेगळा.

भरपाई सोडू नका

नुकसान दिसले, की तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. सातबारा, आठ-अ आणि पासबुकाची प्रत जोडा. पंचनामा होईपर्यंत उकरलेले रान वखरू नका, पाऊलखुणा आणि फोटो ठेवा. ‘भरपाईत काय पडते?’ म्हणून बरेच जण अर्जच करत नाहीत. अर्ज नाही म्हणजे सरकारच्या कागदावर तुमचे नुकसानच झालेले नाही.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी (आपले तलाठी) यांना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. अर्जाचे नमुने पंचायतीत ठेवा. गावाने मिळून सौर कुंपणाच्या अनुदानासाठी वन विभागाकडे मागणी करा. आणि कुणाच्या धुऱ्यावर उघडी तार असेल, तर नाव न घेता का होईना, बोला.

बंधूंनो, गेलेला मका पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतो. आज संध्याकाळी शेतावर जाल, तेव्हा तार असेल तर ती आधी सोडवा. मग हरभरा बघा.