शिरोरेखा सर्वांत शेवटी
पडद्यावर हलणाऱ्या देवनागरी अक्षरांविषयी

सणवार जवळ आले की भ्रमणध्वनीवर शुभेच्छांची रीघ लागते. त्यांतील कित्येक संदेशांत अक्षरे लुकलुकतात, उसळतात, एकामागून एक अवतरतात. रोमन छपाई लिपीत हा खेळ सहज साधतो, कारण तेथील प्रत्येक अक्षर आपल्या जागी सुटे उभे असते. देवनागरीचे तसे नाही. तयार साच्यात मराठी मजकूर घातला की त्याची जी पडझड होते, तिचे मूळ येथेच आहे.

‘हार्दिक’ हा साधा शब्द पाहा. उच्चारात त्याची अक्षरे तीन : हा, र्दि, क. संगणकाच्या युनिकोड नोंदीत मात्र चिन्हे सात : ह, काना, र, पाय मोडण्याचे चिन्ह, द, वेलांटी आणि क. एकेक चिन्ह उमटवत जाणारी सोय वापरली की प्रथम ‘ह’ दिसतो, मग ‘हा’, मग ‘हार’. शुभेच्छेच्या आरंभीच वाचणाऱ्याला हार पत्करावी लागते! पुढच्या क्षणी त्या ‘र’चा पाय मोडतो, ‘द’ येताच तोच ‘र’ रफार होऊन त्याच्या डोक्यावर चढतो, आणि वेलांटी नंतर टंकलेली असूनही व्यंजनाच्या आधी जाऊन बसते. घरातील वडीलधारी मंडळी असा संदेश वाचण्याचा प्रयत्न करतात आणि मुकाट्याने भ्रमणध्वनी खाली ठेवतात.

म्हणून मराठी शब्द हलवायचा तर चिन्हागणिक नव्हे, अक्षरागणिक हलवावा. त्याहून एक पाऊल पुढे जाऊन मी असे सुचवीन की, तो हाताने लिहिल्यासारखा उमटावा. शाळेत आपण आधी शब्द लिहिला आणि मग त्यावर रेघ ओढली. पडद्यावरही अक्षरे आधी यावीत, शिरोरेखा शेवटी.

यासाठी महागडी सामग्री लागत नाही. बर्कली येथील विद्यार्थी स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी घडवलेले, १९९६ साली लोकांसमोर आलेले ‘गिम्प’ हे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यात चित्राचा प्रत्येक थर, म्हणजे लेयर, हलत्या चित्रातील एक चौकट होऊ शकतो. सर्वांत खालचा थर प्रथम दिसतो, सर्वांत वरचा अखेरीस.

फिकट, एकरंगी पार्श्वभूमीवर गडद रंगात ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहावे आणि चित्र सपाट करून एकच थर ठेवावा. त्याच्या सात प्रती काढल्या की एकूण आठ थर होतात. आता काम उलट्या दिशेने करायचे. लिहायचे काही नाही, झाकायचे तेवढे. आठवा, सर्वांत वरचा थर पूर्ण शब्दांचा, त्याला हात लावू नये. सातव्यात ‘शुभेच्छा’वरील शिरोरेखेची अरुंद पट्टी निवडून तीत पार्श्वभूमीचा रंग भरावा. सहाव्यात दोन्ही शब्दांच्या रेघा झाकाव्यात. पाचव्यात त्याखेरीज ‘च्छा’ झाकावा, चौथ्यात ‘भे’सुद्धा, असे करत पहिल्या थरात एकटा ‘हा’ उरतो.

रेघ नव्याने ओढण्याचा मोह येथे टाळावा. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या माथ्यावर शिरोरेखा तुटलेली असते. सरळ रेघ फिरवली तर ‘धन्यवाद’चा ‘घन्यवाद’ वाटू लागतो. मूळची रेघ झाकली, तर ती उघडताना त्या खंडासहच प्रकटते.

वेळेचे गणितही ध्यानात घ्यावे. थराच्या नावापुढे कंसात इंग्रजी अंकांत ३०० आणि त्याला चिकटून एम, एस ही रोमन अक्षरे लिहिली की ती चौकट तीनशे मिलिसेकंद थांबते. पहिल्या सहा चौकटींना प्रत्येकी ३००, सातवीला ४०० आणि अखेरच्या चौकटीला पूर्ण ३००० द्यावेत. सारा खेळ पाच सेकंदांहून किंचित अधिक चालतो, पण त्यातील निम्म्याहून जास्त वेळ शब्द स्थिर राहतो. वाचन होते ते तेव्हाच.

शेवटी हे चित्र जीआयएफ स्वरूपात निर्यात करताना हलत्या चित्राचा पर्याय निवडावा. कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली आणलेल्या या स्वरूपात एका चौकटीत २५६ हून अधिक रंग सहसा मावत नाहीत. सोनेरी छटा, मऊ सावल्या यांचे त्यात पट्टे पडतात. एकरंगी पार्श्वभूमीचा आग्रह त्यासाठीही आहे. खेळ अखंड फिरवत ठेवण्याचा पर्याय मी बहुधा बंदच ठेवतो. एकदा उमटून शब्द तेथेच थांबलेला बरा.

लुकलुकणारी अक्षरे मात्र पूर्ण वर्ज्य करावीत. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागातील तांबड्या-निळ्या प्रकाशाच्या वेगवान झगमगाटामुळे सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. एका सेकंदात तीनहून अधिक वेळा लखलखाट नको, हा संकेत संकेतस्थळे घडवणारे आज पाळतात. घरगुती संदेशालाही तो लागू आहे.

एक प्रत सपाट करण्यापूर्वीची, अक्षरे बदलता येतील अशी, गिम्पच्या स्वतःच्या स्वरूपात जपून ठेवावी. पुढच्या सणाला ‘शुभेच्छा’ तीच राहील, आधीचा शब्द तेवढा बदलावा लागेल.