बेंजोच्या पोटात

कल्याणहून निघालेला रस्ता माळशेज घाट चढून वर येतो आणि मढ मागे टाकून ओतूरला पोचतो. जुन्नर तालुक्यातलं हे गाव कांद्याच्या बाजारासाठी, बाबाजी चैतन्यांच्या समाधीसाठी आणि मांडवी नदीकाठच्या कपर्दिकेश्वरासाठी ओळखलं जातं. श्रावणी सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी उभ्या राहतात, जत्रा भरते. जवळच नारायणगाव, तमाशाची पंढरी. यात्रेची सुपारी द्यायला गावोगावचे पंच तिथल्या राहुट्यांवर येतात. या मुलखात कुठल्याही वाद्याची पहिली परीक्षा एकच: गर्दीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं का?

या परीक्षेत उतरलेलं एक वाद्य म्हणजे बेंजो. लग्नसराईत टेम्पोच्या हौद्यात जनरेटर, भोंगे, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि त्यांच्यामध्ये मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवलेली लांबट लाकडी पेटी. डावा हात बटणांवर, उजव्या हातात नखी. शिकलेसवरलेले लोक त्याला गोंगाटाच्या खात्यात टाकून मोकळे होतात. हा अन्याय आहे. घरगुती अवजारांनी उघडता, दुरुस्त करता आणि धीर असेल तर मुळापासून बांधता येईल असं विजेवरचं तंतुवाद्य आपल्याकडे हेच.

अमेरिकेतल्या कातडी मढवलेल्या गोल बँजोशी याचं नातं नावापुरतं. मूळ जपानी. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तारांच्या पेटीवर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या आणि त्या काळच्या ताइशो राजवटीवरून वाद्याला ताइशोगोतो नाव मिळालं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, कव्वालीत शिरलं, मुंबईच्या गल्ल्यांत बेंजो पार्टी होऊन नाचलं. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, तो याच वादकांवर.

मुळात हे वाद्य नाजूक आवाजाचं. ढोलकी आणि हलगीपुढे त्याचा टिकाव लागणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच्या पोटात वीज गेली. त्याचे मार्ग दोन. पहिला स्वस्त: बझरमधली पितळी पिझो चकती लाकडाला चिकटवायची. पण ही चकती लाकडातली प्रत्येक थरथर उचलते, आणि बेंजोत बटणांची खटखट काही थोडी नसते. सुराआधी बटण ऐकू येतं. दुसरा मार्ग चुंबकाचा. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची इनॅमल चढवलेली तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळायची. वर पोलादी तार थरथरली, की चुंबकक्षेत्र हलतं आणि वेढ्यांत क्षीण वीज उमटते. आवाज उचलणारा हा भाग, म्हणजे पिकअप, जवळजवळ फक्त तारच ऐकतो, बटणांची खटखट बाहेरच राहते. अट एवढीच की तार लोखंडाच्या जातीची हवी. तंबोऱ्याच्या पितळी तारेपुढे तो ठार बहिरा.

पेटी बांधताना खरा हिशेब पडद्यांचा. नटापासून घोडीपर्यंत ६० सेंटीमीटर तार धरली, तर ६० ला १७.८१७ ने भागायचं. पहिला पडदा ३.३७ सेंटीमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की दुसरा पडदा आणखी ३.१८ सेंटीमीटर पुढे. असं करत बारावा पडदा बरोबर मधोमध, ३० वर पडला पाहिजे. नाही पडला तर भागाकार चुकला. सतारीचे पडदे सरकवून सूर जुळवता येतो. इथे पडदा एकदा ठोकला की ठोकला.

मग प्रश्न पोकळीचा. विजेविना वाजणाऱ्या वाद्याला पोकळी लागते, पण भोंग्यासमोर तीच पोकळी घात करते. भोंग्याचा आवाज पेटीत शिरतो, पेटी घुमते, पिकअप ते घुमणं पुन्हा भोंग्याला पाठवतो आणि कुईऽऽ करून सगळे कान झाकतात. गिटारवाल्यांनी हे आधीच भोगलं होतं. १९५८ मध्ये गिब्सनने ईएस-३३५ काढली, तेव्हा कडेच्या पोकळ्या ठेवून मधून लाकडाचा भरीव ठोकळा घातला. लंडनजवळ ब्रायन मे या शाळकरी मुलाने १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच गिटार बांधली, तीही अशीच अर्धपोकळ. मान जुन्या शेकोटीच्या महोगनीची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या, पडद्यांवरच्या खुणा आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. पुढे तो क्वीन बँडमध्ये गेला.  मे यांची ती गिटार जगभर गाजली. बेंजो उघडून असलीच जुळवाजुळव करणाऱ्या हातांना मात्र कौतुकाची सवय नाही.

टेम्पोवर भोंगा हाताच्या अंतरावर असतो, म्हणून पेटी उथळ ठेवणं किंवा पिकअपखाली भरीव लाकूड घालणं शहाणपणाचं.

वायरिंग दिसायला किचकट, पण मोजकंच. पिकअपची गरम तार व्हॉल्यूमच्या पॉटला, तिथून जॅकला. टोनच्या पॉटवर ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तो तीव्र आवाज जमिनीकडे वळवतो. घोडीखालून एक तार अर्थला. इथे बेंजो गिटारपेक्षा हट्टी आहे. गिटारवादकाची बोटं तारांवर असतात, त्यामुळे त्याचं शरीरही अर्थला जोडलं जातं आणि गुणगुण बरीच दबते. बेंजोवाल्याचा डावा हात प्लास्टिकच्या बटणांवर, उजवा प्लास्टिकच्या नखीवर. तारेला त्याचा स्पर्श क्वचितच. म्हणून गुणगुणीचा बंदोबस्त पेटीतच करावा लागतो: आतून तांब्याचा पत्रा चिकटवून तो अर्थला जोडायचा, जॅकपर्यंतची वायर जाळीची घ्यायची. तरीही जनरेटरची घरघर शिरलीच, तर एकाऐवजी दोन वेटोळी घालायची. चुंबक उलटे, वेढेही उलटे. बाहेरची घरघर एकमेकांत विरते, तारेचा सूर मात्र दुप्पट होतो. सेथ लव्हर यांनी ही युक्ती गिब्सनसाठी १९५५ च्या सुमारास बसवली.

तारा चढवण्याआधी सगळं तपासायची सोपी रीत आहे. ॲम्प्लिफायर बारीक ठेवून स्क्रू ड्रायव्हरचं टोक पिकअपवर हलकेच टेकवायचं. ‘टक’ आवाज आला तर जोडणी जिवंत. दोन पिकअप असतील तर तारा चढवल्यावर दोन्ही एकदम चालू करून ऐकायचे. आवाज अचानक पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर एकाच्या तारा उलट्या लागल्या आहेत. ब्रायन मे यांनी हा पातळ आवाज मुद्दाम हवा म्हणून वेगळे स्विच बसवले. वरातीला तो चालत नाही. सोल्डरिंग गन पुन्हा तापवायची, दोन तारांची अदलाबदल करायची आणि झाकण लावायचं.