जुन्या मोटारीचा डुगडुगणारा आरसा

मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी ही मोटार टॅक्सी म्हणून अनेक दशके धावली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती टॅक्सीच्या व्यवसायातून निवृत्त झाली. आता ती दिसते ती हौशी मंडळींनी जपलेली. गंज खरवडून, पत्रा ठोकून सरळ करून, नवा रंग आणि नवा मुलामा देऊन अशा जुन्या गाड्यांना पुन्हा मूळ रूप दिले जाते. गाडी नव्यासारखी झळकू लागते. पण थोड्याच दिवसांत एक बारीकशी तक्रार डोके वर काढते. दारावरचा आरसा डुगडुगू लागतो. स्क्रू पुन्हा आवळावा, तर महिन्याभरात तो पुन्हा ढिला! ‘स्क्रू घट्ट बसवला होता, मग तो आपोआप सुटला कसा?’ ह्या साध्या प्रश्नामागे पुष्कळ पदार्थविज्ञान दडलेले आहे.

आरसा हलल्याने काय बिघडते?

आरसा ज्या कोनातून वळतो, त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो, हे तुम्ही प्रकाशाच्या पाठात शिकला आहात. समजा, सपाट आरसा मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना केवळ अर्धा अंश थरथरत आहे. म्हणजे चालकाची दृष्टिरेषा दोन्ही बाजूंना एकेक अंश झुलणार. ३० मीटर मागे असलेल्या वस्तूच्या बाबतीत एक अंश म्हणजे सुमारे अर्धा मीटर. तेव्हा ती वस्तू एकूण एक मीटर रुंदीच्या पट्ट्यात फासल्यासारखी दिसेल. स्कूटरची रुंदी एवढीही नसते. मागून येणारा स्कूटरस्वार आरशात असूनही ओळखू येणार नाही. तेव्हा हा प्रश्न केवळ गाडीच्या शोभेचा नाही, एखाद्याच्या जिवाचाही आहे.

आरशाला हलवतो कोण?

पहिला संशय वाऱ्यावर जातो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२ सेंमी. व्यासाचा गोल आरसा घेतला, तर ताशी ८० किमी. वेगाला त्यावर सुमारे ३.४ न्यूटन, म्हणजे साधारण ३४० ग्रॅम वजनाएवढे बल येते. वेग निम्मा केला तर ते एक चतुर्थांशच उरते. हे बल काही फार मोठे नव्हे.

आता दार आपटण्याचा विचार करा. दाराची मोकळी कड बिजागरीपासून एक मीटर अंतरावर आहे आणि ती सेकंदाला २ मीटर वेगाने येऊन आपटते असे समजू. बिजागरीपासून २५ सेंमी.वर बसवलेल्या आरशाचा वेग तेव्हा सेकंदाला अर्धा मीटर असतो. दार एक शतांश सेकंदात थांबले, तर आरशाचे मंदन सेकंदाला सेकंदाला ५० मीटर होते. हे गुरुत्व त्वरणाच्या पाचपट आहे. ३०० ग्रॅम वस्तुमानाच्या आरशावर १५ न्यूटन बल येते, म्हणजे त्या वाऱ्याच्या चौपटीहून अधिक. आरसा बिजागरीपासून जितका दूर, तितका हा धक्का मोठा.

तिसरा आणि सर्वांत चिवट संशयित म्हणजे एंजिन. चार सिलिंडरांच्या नेहमीच्या एंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. गाडी उभी असताना एंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ धक्के गाडीच्या सांगाड्याला बसतात. प्रत्येक झोपाळ्याला जशी आपली ठरावीक लय असते, तशी दांडीवर बसवलेल्या आरशालाही स्वतःची कंप्रता असते. आधार जितका ताठ, तितकी ही कंप्रता जास्त. नेमके सांगायचे तर ती ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. एंजिनाचे धक्के आणि आरशाची स्वतःची कंप्रता जुळली की कंपने एकदम वाढतात. ह्यालाच अनुस्पंदन म्हणतात.

समजा, घट्ट बसवलेल्या आरशाची कंप्रता सेकंदाला ५० आहे. सांधा ढिला होऊन आधाराचा ताठपणा एक चतुर्थांश झाला, की ती २५ वर येते. म्हणजे गाडी सिग्नलला उभी असताना तो भूत अंगात आल्यासारखा थरथरणार! वाढलेल्या थरथरीने सांधा आणखी ढिला होतो. गाडी वेगात आली की तोच आरसा पुष्कळदा शांत होतो, त्याचेही कारण हेच.

‘घट्ट’ म्हणजे काय?

स्क्रू आवळताना आपण त्याला किंचित ताणत असतो. ताणलेला स्क्रू हा एक अतिशय ताठ स्प्रिंगच असतो. आखडण्याच्या त्याच्या ओढीमुळे आरशाची बैठक आणि पत्रा एकमेकांवर दाबले जातात, आणि ह्या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण बैठकीला सरकू देत नाही. म्हणजे आरसा खरा धरून ठेवते ते घर्षण.

आता आट्यांकडे पाहा. आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. ५ मिमी. व्यासाच्या नेहमीच्या स्क्रूचा आटा एका फेऱ्यात ०.८ मिमी. चढतो, आणि त्या फेऱ्याचा परीघ सुमारे १४ मिमी. असतो. हा चढ साडेतीन अंशांहूनही कमी आहे. पोलादावर पोलाद घसरण्यासाठी मात्र साधारण आठ अंशांचा उतार लागतो. मग स्क्रू आपोआप उलटा फिरायलाच नको!

ह्याचे उत्तर जर्मन अभियंता गेर्हार्ड युंकर ह्याने १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. जोडलेले भाग आडव्या दिशेने मागेपुढे सरकू लागले, की घर्षण त्या सरकण्याला विरोध करण्यातच खर्ची पडते. उताराच्या दिशेने अडवायला ते जवळजवळ उरतच नाही. मग प्रत्येक हिसक्यासरशी स्क्रू कणाकणाने उलटा फिरतो.

हे तुम्ही वर्गातच करून पाहा. पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक एका कडेने उचलून त्यावर खोडरबर ठेवा. ते घसरणार नाही इतपतच उतार ठेवा. आता पुस्तक डावीकडे-उजवीकडे भरभर हलवा. खोडरबर बाजूला सरकता सरकता खालीही उतरू लागेल. उतार तेवढाच आहे, पण घर्षणाचे लक्ष दुसरीकडे वेधले गेले आहे.

नवा रंगच शत्रू कसा?

पण मुळात बैठक सरकू लागते कशाने? आरशाच्या बैठकीखाली नवा रंग असतो आणि बहुधा रबराची गादीही असते. दाबाखाली हे दोन्ही हळूहळू बसतात. पोलादी स्क्रूचा ताणला जाणारा भाग १० मिमी. असेल आणि त्यात दर चौरस मिमी.ला २०० न्यूटन ताण असेल, तर तो फक्त ०.०१ मिमी. लांबतो. वहीच्या कागदाच्या जाडीचा हा सुमारे दहावा हिस्सा! रंग आणि रबर मिळून एवढे बसले, की स्क्रूचा सगळा ताण नाहीसा. स्क्रू अद्याप फिरलेलाही नसतो, तरी सांधा ढिला झालेला असतो. दाब गेला, घर्षण गेले, बैठक सरकू लागली. पुढचे काम युंकरने सांगितलेच आहे.

दुरुस्ती कशी करावी?

प्रथम रोगाचे निदान. आरसा हलवताना दोन भागांच्या सांध्यावर बोट ठेवा. बैठक पत्र्यावर सरकते, की पत्राच आतबाहेर होतो, की दांडीच्या टोकाचा गोळा फिरतो, की काच चौकटीत हलते, हे बोटाला लगेच कळते.

पत्रा लवत असेल, तर कितीही आवळून उपयोग नाही. दाराचा पत्रा जेमतेम एक मिमी.च्या आसपास असतो. त्यात थेट बसवलेल्या स्क्रूला पकडायला एखादाच आटा मिळतो. दाराच्या आतून दोन-तीन मिमी. जाडीची पोलादी पट्टी द्यावी आणि नटबोल्ट वापरावा. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तिप्पट जाडी म्हणजे सत्तावीस पट ताठपणा. पट्टीला गंजरोधक रंगाचा पातळ हात पुरे.

बैठक सरकत असेल, तर रबरी गादीच्या भोकात नेमक्या उंचीची धातूची नळी बसवावी. म्हणजे दाब धातूवरून धातूकडे जातो, आणि रबराकडे पाणी अडवण्याचेच काम उरते. जमल्यास बोल्टही लांब घ्यावा. १० मिमी.ऐवजी ३० मिमी. लांबी ताणली, तर तेवढ्याच ताणाला तो ०.०३ मिमी. लांबेल. मग थर ०.००५ मिमी. बसले, तर निम्मा ताण जाण्याऐवजी फक्त एक षष्ठांश जाईल.

स्प्रिंग वायसरवर लोकांचा फार विश्वास आहे. पण बैठक सरकत असेल, तर त्याचा उपयोग थोडाच होतो. नायलॉनचे कडे असलेला नट बोल्ट गळून पडू देत नाही. आट्यांना लावायचा डिंकही मिळतो. अमेरिकेतील हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल ह्यांनी १९५३ मध्ये तो शोधला. हवा असेपर्यंत हा द्रव राहतो, आणि धातूंच्या फटीत हवा बंद झाली की घट्ट होतो. पुढे उघडावे लागणाऱ्या सांध्याला ह्यातील मध्यम ताकदीचाच प्रकार घ्यावा, आणि प्लॅस्टिकला तो लागू देऊ नये. काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात.

आरसा मान टाकत असेल, तर दोष गोळ्याच्या सांध्यात आहे. ३०० ग्रॅमच्या आरशाचा गुरुत्वमध्य गोळ्यापासून ५ सेंमी. पुढे असेल आणि गोळ्याची त्रिज्या ८ मिमी. असेल, तर गोळ्याच्या पृष्ठभागावर सुमारे १९ न्यूटन घर्षण हवे. म्हणून गोळा आणि त्याची वाटी स्वच्छ पुसून कोरडी करावी आणि तिथला स्क्रू जपून आवळावा. बैठक ओतीव जस्ताची असेल, तर जादा जोराने ती तडकते. कित्येकजण इथे तेल सोडतात. जिथे घर्षणच हवे, तिथे ते तेल घातकच ठरते!

जुनी मोटार सर्वांच्या घरी नसते, पण सायकल पुष्कळांकडे असते. तिच्या मडगार्डचा खडखडणारा स्क्रू पाहा. तो सुटला आहे, की त्याखालचा थर बसला आहे, की पत्राच लवतो आहे, हे बोट लावून ओळखा, आणि मगच पाना हातात घ्या.