जपानी भाषेची पहिली पायरी

जपानशी असलेले उद्योग, व्यापार आणि शिक्षण या क्षेत्रांतील संबंध जसजसे वाढत गेले, तसतसा महाराष्ट्रातील तरुण वर्गाचा जपानी भाषेकडे ओढा वाढत गेला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात, म्हणजेच पुणेकरांच्या परिचयाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, ही भाषा शिकविली जाते. जपानने एप्रिल २०१९ पासून परदेशी कुशल कामगारांसाठी निवासाची नवी व्यवस्था सुरू केली आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताने त्या संदर्भात जपानशी सहकार्याचा करार केला. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, शेती, खाद्यपदार्थनिर्मिती अशा कामांसाठी जाऊ इच्छिणाऱ्यांना कौशल्याबरोबरच भाषेचीही परीक्षा सामान्यतः द्यावी लागते. साहजिकच ही भाषा आता केवळ हौसेचा विषय राहिलेली नाही. अनेक कुटुंबांच्या चरितार्थाशी तिचा संबंध जडला आहे.

वर्गात प्रथमच पाऊल टाकणारा विद्यार्थी मात्र त्या भाषेची अक्षरे पाहून बिचकतो. ही भीती सर्वस्वी निराधार नाही. परंतु ती बहुधा चुकीच्या जागी असते. जे अवघड वाटते ते व्याकरण मराठी माणसाला जवळचे आहे आणि जे सोपे वाटते त्या उच्चारांत तो नकळत चुकतो.

ओळखीची वर्णमाला

जपानी लेखनात तीन लिप्या एकत्र नांदतात. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरलिप्या असून प्रत्येकीत ४६ मूलाक्षरे आहेत. हिरागाना देशी शब्द व प्रत्यय यांसाठी, तर काताकाना मुख्यतः परदेशी शब्दांसाठी वापरतात. तिसरी कांजी, म्हणजे चीनमधून आलेली अर्थवाहक चिन्हे.

पहिल्या दोन लिप्यांचा अनुक्रम ऐकताच मराठी विद्यार्थ्याचे कान टवकारतात. अ, इ, उ, ए, ओ हे स्वर आणि त्यांपुढे क, स, त, न, ह, म, य, र, व या ओळी. हा क्रम आपल्या वर्णमालेचा आहे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र जपानमध्ये गेले. ते लिहिण्याच्या सिद्धम् लिपीचा तेथील भिक्षूंनी अभ्यास केला आणि त्या अभ्यासातून जपानी अक्षरांची ही मांडणी घडली. ‘ह’ ही ओळ ‘म’च्या आधी का, याचे उत्तरही त्यातच आहे. प्राचीन जपानीत ‘ह’च्या जागी ‘प’चा उच्चार होता, म्हणून ती ओळ ओष्ठ्य वर्णांच्या ठिकाणी बसली. बाराखडी पाठ असलेल्या विद्यार्थ्याला ही दोन कोष्टके काही आठवड्यांत आत्मसात करता येतात.

उच्चारांतील सापळे

जपानीत ट, ठ, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण नाहीत, महाप्राण नाहीत आणि ‘ल’ही नाही. म्हणून ‘टोकियो’चा खरा उच्चार ‘तोऽक्योऽ’, आणि हॉटेलचे ‘होतेरु’ होते. काही बाबतींत मराठीची मदतच होते. ‘चूल’, ‘चुना’ या शब्दांतील दंततालव्य ‘च’ आपल्या जिभेवर असतोच. त्यामुळे ‘त्सुनामि’तील ‘त्सु’ साधणे कठीण जात नाही. ‘जोर’, ‘जुना’ यांतील ‘ज’ उच्चारणाऱ्यास ‘मिझु’ (पाणी) हा शब्दही सुलभ जातो.

खरा सापळा ऱ्हस्व-दीर्घाचा आहे. मराठीत ‘शिर’ आणि ‘शीर’ यांतील भेद आपण लिहिताना पाळतो. बोलताना मात्र त्याकडे फारसे लक्ष देत नाही. जपानीत दीर्घ स्वराला बरोबर दुप्पट वेळ द्यावा लागतो, नाही तर शब्दच बदलतो. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू किंवा प्रौढ स्त्री. ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. ‘ब्योऽइन’ म्हणजे रुग्णालय. ‘बियोऽइन’ म्हणजे केशभूषेचे दुकान. ‘शुजिन’ म्हणजे पती, तर ‘शूजिन’ म्हणजे कैदी! जोडाक्षरातील द्वित्वही असेच जपावे लागते. ‘किते’ म्हणजे ‘येऊन’ आणि ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट. ‘पटी’ आणि ‘पट्टी’ यांतील फरक जाणणाऱ्या मराठी कानाला हा भेद पकडता येईल. ‘देसु’, ‘मासु’ यांतील अंत्य उकार बहुधा पुसट होऊन ‘देस्’, ‘मास्’ असे ऐकू येते.

या सर्व खुणा देवनागरीत किंवा रोमन लिपीत पूर्णपणे दाखविता येत नाहीत. म्हणूनच पहिल्या महिन्यानंतर इतर लिप्यांचा आधार सोडून हिरागानातच वाचन-लेखन करावे आणि रोज काही वेळ ध्वनिमुद्रित संभाषण ऐकून त्याबरोबर बोलावे, हे हिताचे ठरते.

वाक्यरचनेतील आपलेपणा

‘मी भात खातो’ याला जपानीत ‘वाताशि वा गोहान ओ ताबेमासु’ म्हणतात. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम तोच. नामाला विभक्तिप्रत्यय मागून लागावेत, तसे येथे छोटे शब्दयोगी शब्द मागून येतात. ‘ओ’ कर्म दाखवितो, ‘नि’ म्हणजे ‘ला’ किंवा ‘त’, ‘दे’ म्हणजे ‘ने’ किंवा ‘मध्ये’, ‘कारा’ म्हणजे ‘पासून’ आणि ‘मादे’ म्हणजे ‘पर्यंत’. ‘पुण्यापासून मुंबईपर्यंत’ हे ‘पुणे कारा मुंबई मादे’ असे होते. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे. मात्र जपानीत लिंगभेद नसल्याने तिन्हींसाठी हा एकच शब्द पुरतो. प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडतात. ‘इकिमासु का?’ म्हणजे ‘जाता का?’ हे साम्य केवळ योगायोगाचे आहे. दोन्ही भाषांचे कूळ एक नाही. पण स्मरणाला ते उपयोगी पडते.

क्रियापद पुरुष, लिंग, वचन यांनुसार बदलत नाही. ‘ताबेमासु’ म्हणजे खातो, खाते, खातात आणि ‘खाईन’सुद्धा. भूतकाळासाठी ‘ताबेमाशिता’, नकारासाठी ‘ताबेमासेन’. अडचण येते ती ‘वा’ आणि ‘गा’ यांची. ‘वाताशि वा गाकुसेइ देसु’ म्हणजे ‘मी विद्यार्थी आहे’. ‘वाताशि गा गाकुसेइ देसु’ म्हणजे ‘विद्यार्थी तो मीच’. मराठीतील ‘च’ ध्यानात ठेवला, तर ही गाठ बरीचशी सुटते.

रोजचे बोलणे

सकाळी ‘ओहायोऽ गोझाइमासु’, दुपारी ‘कोन्निचिवा’, आभार मानताना ‘आरिगातोऽ गोझाइमासु’ आणि क्षमा मागताना किंवा कोणाचे लक्ष वेधताना ‘सुमिमासेन’ हे शब्द पदोपदी लागतात. घराबाहेर पडताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’. घरातील माणसे ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन या’, असे उत्तर देतात. मराठी घरातील निरोपाची रीत याहून वेगळी नाही.

माणसे मोजताना आपण ‘दोन’ऐवजी ‘दोघे’ म्हणतो. जपानीतही ‘नि’ऐवजी ‘फुतारि’ म्हणतात. मात्र तेथे लांबट वस्तू, सपाट वस्तू, पुस्तके, प्राणी या प्रत्येकासाठी मोजणीचा शब्द निराळा आहे. तू, तुम्ही, आपण या पायऱ्या जाणणाऱ्याला आदरार्थी रूपांचे मर्म समजते. स्वतःची आई ‘हाहा’, दुसऱ्याची ‘ओकाऽसान’. आणि ‘सान’ हा आदरदर्शक शब्द स्वतःच्या नावाला कधीही लावायचा नाही.

कांजीचा डोंगर

कांजीच्या बाबतीत मात्र मराठीची मदत थोडी आहे. नित्य व्यवहारासाठी जपान शासनाच्या यादीत २,१३६ चिन्हे आहेत आणि पुष्कळ चिन्हांचे दोन किंवा अधिक उच्चार होतात. ‘पाणी’ या चिन्हाचा उच्चार एकटे असता ‘मिझु’, पण ‘सुइदोऽ’ (नळाचा पाणीपुरवठा) या शब्दात ‘सुइ’ होतो. आपणही सुटे ‘पाणी’ म्हणतो, पण ‘जलवाहिनी’ लिहितो. हे साम्य लक्षात घेऊन रोज चार-पाच चिन्हे शब्दांसह शिकणे, हाच मार्ग आहे.

परीक्षेपलीकडे

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ मध्ये सुरू झाली. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या असून पाचवी पातळी सर्वांत सोपी व पहिली सर्वांत कठीण आहे. पुणे आणि मुंबई येथे या परीक्षेची केंद्रे आहेत. तीत शब्दज्ञान, व्याकरण, वाचन व श्रवण तपासले जाते. बोलण्याची परीक्षा नसते. प्रमाणपत्र हाती असूनही बोलता न येणे, ही म्हणूनच अशक्य गोष्ट नव्हे. परदेशातील शुश्रूषागृहात एखादी वृद्धा ‘इताइ’ म्हणाली, तर तिला दुखते आहे हे तत्क्षणी उमगले पाहिजे आणि कोठे दुखते हे तिला समजेल अशा उच्चारात विचारताही आले पाहिजे. ‘दोको गा इताइ देसु का?’ हे वाक्य पहिल्या काही धड्यांतीलच आहे. ते केवळ वहीत न राहता जिभेवर यावे, यासाठी पहिल्या दिवसापासून मोठ्याने बोलण्याचा सराव ठेवणे अगत्याचे आहे.