अर्जाचा निकाल कोण लावतो? – आयर्लंडमधील एक व्यवस्था

सरकारी मदतीचा अर्ज करणारा मनुष्य बहुधा दोन प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न, ‘मला किती मिळेल?’ आणि दुसरा, ‘हे कोणाच्या हातात आहे?’ पहिल्याचे उत्तर अंदाजपत्रकात सापडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्या देशाच्या राज्यकारभाराची घडण जाणून घेतल्यावाचून मिळत नाही. या लेखात आम्ही दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत, आणि त्यासाठी आयर्लंडचे उदाहरण घेणार आहोत.

आयर्लंडच का? आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घटनाकारांनी आयर्लंडच्या 1937 च्या घटनेवरून घेतली, हे अनेकांस ठाऊक आहे. विधवा, अनाथ, वृद्ध आणि दुर्बल यांच्या पोषणास राज्याने हातभार लावावा, असे त्या घटनेचे 45 वे कलम सांगते. आपल्या घटनेचे 41 वे कलम वार्धक्य, आजार, बेकारी या आपत्तींत सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख करते. दोन्ही कलमांच्या बळावर न्यायालयात थेट दाद मागता येत नाही. म्हणजे घटनेने दिशा दाखविली, परंतु म्हातारीच्या हातात पैसे पडावयाचे तर कोणी तरी तिचा अर्ज वाचून ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हटले पाहिजे. तो ‘कोणी तरी’ कोण असावा, हाच खरा प्रश्न आहे.

आयर्लंडला तो प्रश्न 1908 च्या वृद्धवेतन कायद्याने प्रथम मोठ्या प्रमाणावर पडला. त्या वेळी तो देश ब्रिटिश अमलाखाली होता. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या गरीब मनुष्यास आठवड्यास पाच शिलिंगांपर्यंत वेतन द्यावे, असे ठरले आणि 1 जानेवारी 1909 पासून ते सुरू झाले. पण सत्तर वर्षे पूर्ण झाली हे ठरवावयाचे कसे? सर्व जन्मांची सरकारी नोंद आयर्लंडमध्ये 1864 पासून सुरू झालेली; म्हणजे 1909 साली सत्तरी ओलांडलेल्या कोणाचाच दाखला त्या नोंदींत निघणे शक्य नव्हते. मग 1841 आणि 1851 च्या खानेसुमारीचे कागद धुंडाळले जाऊ लागले. तेही न सापडले तर आठवण कामी येई. 6 जानेवारी 1839 च्या रात्री आयर्लंडवर भयंकर वादळ आले होते. ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ असे लोक तिला म्हणत. ज्याला ती रात्र आठवते तो सत्तरीच्या पुढचा, हे उघड होते. आपल्याकडे ‘प्लेगच्या साली मी चालू लागलो होतो’ असे म्हातारी माणसे सांगत, त्यातलाच हा प्रकार. अर्थात् तेव्हापासून आयर्लंडमधील कितीतरी वृद्धांस ते वादळ एकाएकी आठवू लागले!

या अर्जांची चौकशी सरकारी अधिकारी करी. निकाल देई ती गावोगावची स्थानिक समिती. समितीत शेजारीपाजारीच असत. त्यांना अर्जदाराची खरी हलाखी ठाऊक असे, हा गुण. आणि त्यांचे त्याच्याशी स्नेह वा वैर असे, हा दोष. तो दोष ओळखूनच समितीच्या निकालावर वरच्या मंडळाकडे दाद मागण्याची सोय ठेवली होती. देणाऱ्याची मर्जी आणि घेणाऱ्याचा हक्क यांतील ओढाताण ही अशी आरंभापासूनच होती.

स्वातंत्र्यानंतर 1947 साली आयर्लंडने समाजकल्याणाचे स्वतंत्र खाते स्थापन केले, आणि 1952 च्या कायद्याने विखुरलेल्या विमायोजना एकत्र आणल्या. त्याच कायद्याने आजच्या व्यवस्थेचा सांगाडा उभा राहिला: पहिला निकाल देणारा ‘निर्णय अधिकारी’, आणि त्यावर दाद ऐकणारा ‘अपील अधिकारी’. सध्या या बाबतीत 2005 चा एकत्रित कायदा आणि त्यातील वेळोवेळच्या दुरुस्त्या लागू आहेत.

आता एखादा अर्ज कसा चालतो ते पाहू. मदतीचे प्रकार तीन आहेत. नोकरी करताना भरलेल्या विम्याच्या वर्गणीवर मिळणारे वेतन, हा पहिला. ऐपत तपासून दिले जाणारे साहाय्य, हा दुसरा. आणि बालकभत्त्यासारखी, वर्गणी वा ऐपत न पाहता दिली जाणारी रक्कम, हा तिसरा. वृद्धवेतनाचे काम स्लायगो शहरातून, बालकभत्त्याचे लेटरकेनीहून आणि अपंगत्वभत्त्याचे लाँगफर्डहून चालते. अर्ज तेथील निर्णय अधिकाऱ्यापुढे येतो. जरूर पडल्यास निरीक्षक घरी जाऊन चौकशी करतो. आजाराचा प्रश्न असल्यास खात्याचा वैद्यकीय परीक्षक कागद पाहून मत देतो. परंतु निरीक्षक अहवाल देतो आणि डॉक्टर मत देतो. निकाल द्यावयाचा तो निर्णय अधिकाऱ्यानेच. अर्ज नाकारला तर कारणे लेखी कळवावी लागतात.

काही अटी निव्वळ हिशेबाच्या असतात. वर्गणीवर आधारलेल्या वृद्धवेतनासाठी वयाची 66 वर्षे आणि प्रत्यक्ष भरलेल्या किमान 520 साप्ताहिक वर्गण्या लागतात. त्या मोजल्या की झाले. अपंगत्वभत्त्यासाठी शिल्लक रकमेचा हिशेबही असाच. पहिले 50,000 युरो सोडून दिले जातात. पुढच्या 10,000 वर दर हजारी आठवड्यास 1 युरो, आणि त्यापुढच्या 10,000 वर दर हजारी 2 युरो उत्पन्न धरतात. ज्याच्याजवळ 65,000 युरो आहेत त्याचे त्या शिल्लकीपोटी आठवड्याचे उत्पन्न 10 अधिक 10, म्हणजे 20 युरो धरले जाईल. हे गणित स्लायगोत केले काय आणि लाँगफर्डला केले काय, उत्तर एकच येते.

पण सगळ्या अटी अशा नसतात. अपंगत्वभत्ता मागणाऱ्याची व्याधी निदान एक वर्ष टिकणारी असावी, आणि तिच्यामुळे योग्य असे काम करण्यात त्याला ‘बरीच मोठी’ अडचण येत असावी, असे कायदा म्हणतो. बरीच म्हणजे किती? आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यास भत्ता हवा तर त्या आजाऱ्यास ‘पूर्णवेळ’ देखभालीची गरज असली पाहिजे. पूर्णवेळ म्हणजे काय? 2004 पासून अनेक योजनांना आणखी एक अट लागली: अर्जदाराचे बिऱ्हाड खरोखर आयर्लंडमध्ये स्थिरावलेले असावे. त्यासाठी तो तेथे किती काळ सलग राहिला, बाहेर गेला तो कशासाठी व किती दिवस, नोकरीचे स्वरूप काय, त्याच्या आयुष्याचा मुख्य व्याप कोठे आहे आणि पुढचा मनोदय काय, या पाच गोष्टी पाहतात. येथे मोजपट्टी चालत नाही, तारतम्य लागते. आणि जेथे तारतम्य आले तेथे वशिल्याला वाट सापडण्याचा संभव आला.

ही वाट बंद करण्यासाठी कायद्याने एक साधी परंतु मोठी योजना केली आहे: प्रत्येक अर्जाचा निकाल देण्याचा अधिकार मंत्र्याला न देता त्या अधिकाऱ्याला दिला. मंत्री धोरण ठरवितो, कायद्याचा मसुदा आणतो, रकमा वाढवितो. पण अमक्या बाईंचा अर्ज मंजूर करा, असे तो सांगू शकत नाही. आयर्लंडच्या लोकप्रतिनिधींना मतदारांची गाऱ्हाणी घेऊन खात्याशी पत्रव्यवहार करण्याची मोठी सवय आहे. त्यांच्या लोकसभेत, म्हणजे ‘डॉल’मध्ये, एखाद्याच्या अपिलाविषयी प्रश्न विचारला गेला की अपील कचेरी आपल्यापासून स्वतंत्रपणे काम करते, अशा अर्थाचे ठरीव उत्तर मंत्र्याकडून येते. या उत्तरात टाळाटाळ नाही असे कोण म्हणेल? परंतु तिच्या मुळाशी एक तत्त्व आहे, हेही विसरून चालणार नाही.

तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व एका जुन्या खटल्यात स्पष्ट केले; तो निवाडा 1958 च्या निवाडासंग्रहात आहे. एका सरकारी वकिलाची नोकरी विम्याच्या कोणत्या वर्गात मोडते, एवढाच मूळ वाद होता. अपील अधिकाऱ्याने अर्थमंत्र्यांकडून आलेले टिपण आपणांस बंधनकारक मानले. न्यायालयाने सांगितले की, असे मानणे म्हणजे आपल्या कर्तव्याचाच त्याग करणे होय. अपील अधिकाऱ्याने स्वतःच्या बुद्धीने व निष्पक्षपणे निकाल दिला पाहिजे. पुढे 2014 साली उच्च न्यायालयापुढे अपंग मुलाच्या देखभालभत्त्याचे प्रकरण आले. त्यात निर्णय अधिकाऱ्याने वैद्यकीय परीक्षकाच्या मतालाच निकाल मानल्याचे दिसून आले, आणि तो निकाल रद्द झाला. ज्याच्या नावाने निकाल, त्यानेच विचार केला पाहिजे, हे या दोन्ही प्रकरणांचे सार.

निर्णय अधिकाऱ्याचा निकाल अमान्य असेल तर अपील करता येते. त्यास शुल्क नाही. 1991 पासून अपिलांचे काम एका वेगळ्या कचेरीकडे सोपविलेले असून तिच्यावर मुख्य अपील अधिकारी असतो. अपील अधिकारी सारे प्रकरण नव्याने, जणू पहिल्यांदाच निकाल द्यावयाचा आहे अशा रीतीने, पाहतो. कधी तो कागदावरून निकाल देतो, तर कधी तोंडी सुनावणी घेतो. सुनावणी खाजगी असते आणि न्यायालयाचा थाट तेथे नसतो; अर्जदारास सोबत नातलग, स्नेही वा वकील आणता येतो.

ही सुनावणी नीट व्हावी म्हणूनही सामान्य माणसांना झगडावे लागले आहे. एका विधवेचा पती कामावरील अपघातानंतर हृदयविकाराने वारला. मृत्यूचा त्या अपघाताशी संबंध आहे असे तिचे म्हणणे. तिच्या बाजूचे डॉक्टर समक्ष येऊन उलटतपासणीला सामोरे गेले. विरुद्ध मत मात्र पत्राने आले, आणि पत्राची उलटतपासणी कोण घेणार? 1977 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल टिकू दिला नाही. दोन्ही बाजू ऐकणे म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच न्यायाने ऐकणे, असा त्याचा भावार्थ. त्यानंतर वीस वर्षांनी, 1997 साली, एका वृद्धाच्या जुन्या वर्गण्यांची नोंद मिळत नव्हती. त्याची आठवण खरी की कचेरीचे दप्तर खरे, हा वाद कागदावरच निकालात काढला गेला होता. अशा वेळी माणसाला समोर बसवून ऐकले पाहिजे, असे उच्च न्यायालयाने ठरविले. ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ आठवणाऱ्या म्हाताऱ्यांचीच ही पुढची पिढी म्हणावयाची!

अलीकडच्या वर्षांत निकालात निघालेल्या अपिलांपैकी निम्म्याहून अधिक अर्जदारांना अनुकूल ठरली आहेत. यावरून पहिले अधिकारी आळशी किंवा निष्ठुर होते, असे अनुमान काढणे घाईचे होईल. पुष्कळदा अपिलाच्या वेळी डॉक्टरांचे नवे पत्र येते, घरची स्थिती प्रथमच सविस्तर सांगितली जाते. ते पाहून कित्येकदा निर्णय अधिकारी स्वतःच आपला निकाल बदलतो, आणि कायद्याने त्याला तसे करता येते. पण एवढे खरे की, पहिल्या नकारावर हताश होऊन जो घरी बसला, त्याचा हक्क बुडाला. निकाल बदलण्याची ही सोय दुधारी आहे, हेही सांगितले पाहिजे: खोटी माहिती दिल्याचे उघडकीस आले, तर मागील तारखेपासून निकाल फिरतो आणि दिलेली रक्कम परत मागितली जाते.

कायद्याच्या मुद्द्यावर अपील अधिकाऱ्याच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते. कारभारातील अन्यायाबद्दल 1984 पासून काम करणाऱ्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

या व्यवस्थेतही उणिवा आहेत. अपील अधिकारी खात्याचेच नोकर असतात. त्यांची कचेरी कायद्याने पूर्णपणे स्वतंत्र करावी, अशी मागणी मोफत कायदेसल्ला देणारी तेथील 1969 साली स्थापन झालेली संस्था दीर्घकाळ करीत आली आहे. खात्याच्या पगारावरील माणसाने खात्याविरुद्ध निकाल दिला, तरी हरलेल्या अर्जदाराच्या मनात शंका उरतेच. दुसरी उणीव विलंबाची. 2008 नंतरच्या मंदीत अर्ज वाढले आणि 2011 साली तोंडी सुनावणीच्या अपिलास सरासरी सुमारे वर्ष लागत होते. उपाशी माणसाला वर्षाने मिळालेला न्याय कितपत पुरणार? तिसरी उणीव अशी की, अचानक आलेल्या अडचणीसाठी, उदाहरणार्थ अंत्यविधीच्या खर्चासाठी, जी एकरकमी मदत मिळते, ती अजूनही अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविलेली आहे आणि तिच्या निकालावर अपील कचेरीकडे जाता येत नाही. जुन्या मर्जीचा एक कोपरा तेथे शिल्लक राहिला आहे.

तरीही एकंदर चित्र पाहता आम्हांस मोलाची वाटते ती रकमेची मोठाई नव्हे. श्रीमंत देश अधिक देईल, गरीब देश कमी देईल. परंतु निकाल देणारा अधिकारी कायद्याने निश्चित असावा, त्याने कारणे लिहावी, त्याला वरून कोणी हुकूम करू नये, आणि त्याच्यापुढे हरलेल्याला दुसऱ्या कोणासमोर बसून आपले म्हणणे सांगता यावे, या चार गोष्टींना फारशी संपत्ती लागत नाही. त्या असल्या म्हणजे पाच शिलिंगही मनुष्य ताठ मानेने घेतो. त्या नसल्या तर हजारो रुपयेही वाकून, कोणाचे तरी उपकार मानून घ्यावे लागतात. सरकारी मदतीच्या कोणत्याही योजनेची परीक्षा करावयाची तर तीत किती दिले जाते, याबरोबरच ‘नाही’ म्हटल्यावर पुढे काय होते, हेही विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.